खालून आलेलं आमेन

“सगळे गप्प बसा!” बाबा ओरडले आणि पंपाच्या पाइपाला कान लावून तसेच मातीत गुडघे टेकून बसले.

विहिरीभोवतीची माणसं गप्प झाली. कुणाचं तरी तान्हं मूल रडत होतं, त्याला त्याच्या आईनं पदराखाली घेतलं. वैशाखाचं ऊन. लोखंडी पाइप तव्यासारखा तापला होता. मी बाबांच्या शेजारीच होते, त्यांच्या कानाची पाळी लाल होताना मला दिसत होती. पण त्यांनी कान काढला नाही.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, “ठोकतंय. खाली कुणीतरी ठोकतंय.”

ही उंबरखेड्याची गोष्ट. माझे वडील, रेव्हरंड अनंतराव वैरागर, तिथल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. आई मी लहान असतानाच गेली. मी मिरजेला नर्सिंग शिकत होते आणि सुट्टीला घरी आले होते. त्या वर्षी देवळाच्या आवारातली विहीर आटली. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. मंडळीतल्या पोरांनी गाळ काढायला घेतला आणि तळाचा खडक फोडायला दुर्गप्पा नावाचा वडार आणला. त्याची माणसं दुसऱ्या गावी कामावर होती. हा एकटाच आमच्याकडे, देवळामागच्या लिंबाखाली पाल ठोकून राहिला होता.

त्या सकाळी त्यानं खालून आरोळी दिली, “झरा लागला! पानी लागलं!”

बाबा लहान मुलासारखे पायऱ्यांकडे धावले. पहिल्या पायरीवर त्यांचा पाय पडलाही होता. तेवढ्यात याकोब मास्तरांनी त्यांचा दंड धरला.

“तुमचे गुडघे बघा आधी, पाळकसाहेब. मी जाऊन येतो. येताना तांब्याभर घेऊन येतो तुमच्यासाठी.”

याकोब पाटोळे आमच्या शाळेचे मास्तर. दमेकरी माणूस. चार पावलं भरभर चालले की छातीतून शिट्टी वाजायची. तरी उपासनेत सगळ्यांत वरचा सूर त्यांचाच असायचा. ते सावकाश खाली उतरले, खडकाखाली दुर्गप्पानं कोरलेल्या कपारीत वाकून शिरले, आणि आतून त्यांचा आवाज आला, “अरे वा! काय गार आहे!” त्याच वेळी विहिरीच्या पूर्वेकडची दगडी बांधणी पायऱ्यांसकट फुगून पुढे आली आणि खाली बसली.

धूळ विरल्यावर दिसलं, कपारीचं तोंड पार बुजलं होतं. पाइप मात्र जागेवर उभा होता. गाळ काढायचा म्हणून वरून पंप सोडवलेला होता आणि खालचा व्हॉल्व्हही काढून ठेवलेला होता. पाइपाचं खालचं टोक कपारीत होतं. वरपासून खालपर्यंत मोकळी नळी झाली होती ती. तिच्यातून हवा जात होती आणि आवाजही.

बाबांनी आता पाइपाला तोंड लावलं. “मास्तर! दुर्गप्पा! ऐकू येतंय का?”

खालून आवाज आला, पण तो माणसाचा वाटेना. पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखा होता.

“हाय... म्या हाय. दुर्गप्पा.”

“आणि मास्तर?”

काहीच नाही. बाबांनी पुन्हा विचारलं.

“हायेत,” आवाज आला. “दोघंबी हाय.”

काठावर एकदम गलका उठला. बायका रडायलाच लागल्या. बाबांनी हातानं सगळ्यांना थोपवलं.

“मास्तरांना बोलायला सांग.”

“बोलवंना त्यास्नी. छातीवर धोंडा हाय. पर ऐकत्यात समदं.” मग म्हणाला, “सायेब, पानी चढतंय. घोट्याच्या वर आलंय. बिगी करा.”

ज्या पाण्यासाठी मंडळीनं उन्हाळाभर प्रार्थना केली होती, तेच आता खाली चढत होतं.

रिबकाकाकू आल्या तेव्हा त्यांच्या पायात चपला नव्हत्या. रिबकाकाकू म्हणजे मास्तरांची बायको. बालवाडी चालवायच्या. मुलांना तशीच सोडून धावत आल्या होत्या. मला वाटलं, या विहिरीत उडी टाकतील. मी त्यांचा हात धरायला पुढे झाले. पण त्या काठावर उभ्या राहिल्या, खाली बघितलं आणि मला एवढंच विचारलं, “जिवंत आहेत?”

“आहेत, काकू. दोघंही. दुर्गप्पा बोलला.”

“आणि हे?”

“बोलता येत नाहीये. पण ऐकताहेत.”

काम सुरू झालं. मंडळीचे पंच देवदान ओहोळ यांनी पोरांच्या पाळ्या लावल्या. ढिगावर उभं राहून दगड उचलायचे, घमेल्यात भरायचे, वरून दोर ओढायचा. तालुक्याला निरोप गेला होता, पण तिथून दगड उचलायची यारी यायची म्हणजे रस्ता कसला नि काय कसलं, कुणाला भरवसा नव्हता. उरलेल्या बांधणीतून मधूनच एखादा दगड सुटायचा आणि खालची पोरं भिंतीला चिकटायची. त्यांच्यातल्या फिलिपच्या खांद्यावर एक पडला, त्याला वर आणलं. मी त्याचा हात बांधून दिला. नंतर खाली जायला पोरं जरा कचरू लागली.

दुपार कलल्यावर देवदान पंच बाबांना बाजूला घेऊन गेले. पाणी द्यायला मी तिथेच उभी होते.

“पाळकसाहेब, समोरची भिंतपण सुटतीय. आणखी दोन गेले तर कुणाला तोंड दाखवायचं? पोरं थकलीत. यारी येऊ द्या. सकाळच्याला नीट...”

“आणि पाणी?”

पंचांनी मान खाली घातली. “मला काय कळत नाही का? पण आईबापांची एकेकच पोरं आहेत खाली उतरलेली.”

बाबा वळले. ते पाइपाकडे गेले. “दुर्गप्पा, पाणी कुठवर आलं?”

“मांडीला लागलं.”

बाबांनी डोक्यावरचा रुमाल काढला. पाइप दोन्ही हातांनी धरला, आणि नळीत तोंड घालून प्रार्थना करायला लागले. बाबांच्या प्रार्थना मी जन्मापासून ऐकत आले होते. शांत, थोड्या लांबलेल्या, नीट रचलेल्या असायच्या. ही तशी नव्हती.

“बापा, माग म्हणालास म्हणून मागतो आहे. याकोब तुझा आहे. दुर्गप्पा तुझा आहे. दोघांना मी नावानिशी तुझ्यापुढे धरलंय. जमलं तर दे, असं मी म्हणत नाही. देशील, म्हणून मागतो. आज ही दोन्ही माणसं या विहिरीतून बाहेर येतील. तू ऐकलं आहेस, हे मला ठाऊक आहे. येशूच्या नावानं मागतो.”

आम्ही तोंड उघडायच्या आत खालून, नळीतून, जड आवाज आला, “आमेन.”

 मग देवदान पंच म्हणाले, “मास्तर!” आणि त्यांचा आवाजच फुटला. “अरे, मास्तर बोलले! वडाराला काय माहीत आमेन? मास्तर बोलले!”

ते खरंच होतं. दुर्गप्पाला आमच्या देवळातलं काय ठाऊक असणार? बाबांचा चेहरा मी त्या क्षणी पाहिला. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या तोंडावर तसा आनंद मी पुन्हा कधी पाहिला नाही. पंचांनी सदरा काढून फेकला आणि ते स्वतःच दोराला धरून खाली उतरले. त्यांच्यामागे पोरं. हात बांधलेला फिलिपसुद्धा वर दोर ओढायला लागला.

“रिबकाबाई,” बाबा म्हणाले, “या. बोला त्यांच्याशी.”

काकू पाइपाजवळ बसल्या. आधी त्यांनी कान लावला. किती तरी वेळ तशाच बसून राहिल्या. बाबा म्हणाले, “बोला ना. ते ऐकताहेत.” तरी त्यांनी हातानं थांबा म्हणून खूण केली आणि ऐकतच राहिल्या. मग तोंड नळीला लावलं.

“ऐका,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी सरळ होता. “भिऊ नका. आम्ही सगळे इथंच आहोत. तुम्ही वर येईपर्यंत इथून कुणी घरी जाणार नाही.”

उठल्या, गालाला लागलेला गंज पदरानं पुसला आणि बायकांना म्हणाल्या, “बघत काय बसलात? घमेली घ्या हातात.” आणि पहिलं घमेलं त्यांनीच उचललं.

त्या दिवसाचं बाकीचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. पोरं थकली की बाबा पाइपाला तोंड लावायचे. तसंच मागायचे, तितक्याच मोठ्या आवाजात, दोघांची नावं घेऊन. दर वेळी खालून आमेन यायचं. दर वेळी ते आधीपेक्षा क्षीण व्हायचं, आणि दर वेळी काकू वरून त्यात आपलं आमेन मिसळायच्या. दिवस मावळायच्या बेताला ढिगाऱ्यात भोक पडलं. देवदान पंचांनी आत हात घातला आणि त्या हाताला दुर्गप्पाच्या हाताची मिठी बसली. त्याला ओढून काढला तेव्हा पाणी त्याच्या गळ्याशी आलेलं होतं. तो वर आला आणि रिबकाकाकू मोठ्यानं रडल्या. इतक्या मोठ्यानं की दोन बायकांना त्यांना धरावं लागलं.

“अगं, रडू नको,” बायका म्हणत होत्या. “आता मास्तरच निघतील बघ.”

दुर्गप्पा थंडीनं कुडकुडत होता. तोंडातून शब्द निघत नव्हता. मी त्याच्याभोवती घोंगडी गुंडाळत असतानाच उरलेली भिंत बसली. सुदैवानं पोरं शिडीवर होती. कपार पुन्हा बुजली. बाबा पाइपाशी ओरडत होते, “मास्तर! याकोब मास्तर!” नळीतून नुसता पाण्याचा बुडबुड आवाज आला.

सकाळी यारी आली. मास्तरांना बाहेर काढलं तेव्हा ते पाण्यानं फुगलेले होते.

दफनविधी बाबांनीच केला. कागदावर लिहून आणलेली प्रार्थना वाचली, शब्दाला शब्द. मातीच्या कडेला काकू उभ्या होत्या, त्यांच्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. दुर्गप्पाला दवाखान्यातून त्याची माणसं परस्पर घेऊन गेली. कुणी म्हणे, त्याला विचारलं मास्तर शेवटी काय म्हणाले, तर त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी मिरजेला परत गेले आणि नाताळात घरी आले, तेव्हा मंडळीतली माणसं मला बाजूला घेऊन विचारायला लागली, “सुवार्ता, पाळकसाहेबांना काय झालंय?”

रविवारी मी स्वतःच पाहिलं. बाबा प्रार्थनेला उभे राहिले. बारीक आवाजात, भीतभीत काहीतरी मागत होते. तुझी इच्छा असेल तर, तुला बरं वाटेल तर, आम्ही कोण मागणारे. “येशूच्या नावानं,” एवढं म्हणाले आणि थांबले. आमेन म्हणाले नाहीत. डोळे मिटून, मान जराशी कलती करून उभे राहिले. खालून काही ऐकू येतंय का, अशी.  कुठलं तरी मूल खोकलं. शेवटी मागच्या बाकावरून कुणीतरी ओशाळल्यासारखं आमेन म्हणालं आणि बाबा दचकले. कुणी मागून खांद्याला हात लावला तर माणूस दचकतो तसे.

घरी आल्यावर मी विचारलं. ते बराच वेळ ताटातला भात चिवडत बसले.

“सुवार्ता, देवानं ऐकलं नाही असं झालं असतं तर मी समजून घेतलं असतं,” ते म्हणाले. “तसं पुष्कळदा होतं. पाळकाला त्याची सवय असते. पण त्या दिवशी उत्तर आलं होतं. माझ्या या कानांनी ऐकलं मी. हो म्हणाला, आणि नंतर काढून घेतलं. आता मी मागायला तोंड उघडलं की तो आवाज ऐकू येतो. मग मागायची भीती वाटते. वाटतं, पुन्हा हो म्हणाला तर?”

मी त्यांच्यासमोरचं ताट उचललं.

नाताळ होऊन गेल्यावरची दुपार. मी आणि रिबकाकाकू आमच्या स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. नवरा गेल्यावर त्या आमच्याकडे पूर्वीपेक्षा जास्त यायला लागल्या होत्या. बाबा समोर असले की मात्र दोघंही एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलायचे. ओसरीवर कुणीतरी आल्याचा आवाज झाला.

“सायेब, वळख हाय का?”

दारातून मी पाहिलं. दुर्गप्पा होता. निम्मा झाला होता. डोक्यावरचं मुंडासं हातात घेऊन अंगणातच उभा.

बाबा उठून उभे राहिले. “ये. वर ये, दुर्गप्पा. बस.”

तो ओसरीच्या पायरीवर टेकला. मी पाणी नेऊन दिलं. त्यानं तांब्या रिकामा केला. बाबांनीच विचारलं, “काम कसं चाललंय?”

“काम कसलं? तवाधरनं हिरीत उतरलो न्हाय. काठावर गेलो की हातपाय गळत्यात. बायकू धोंडं फोडती, म्या पोरं सांभाळतो. जातीत हसत्यात मला.” त्यानं मुंडासं पिळलं. “आता भाऊ म्हनला, उद्या पिंपळदरीच्या हिरीत उतर, न्हायतर आमच्यात राहू नगं. म्हनून आलो. सायेब, तवा नळीतनं मागितलं व्हतं ना तुमी? तसं मागा माझ्यासाठी.”

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला.

“मला ते येत नाही आता,” ते म्हणाले.

“असं का म्हनता?”

“येत नाही. दुसऱ्या पाळकाकडे जा. मी दोघांसाठी मागितलं होतं, दुर्गप्पा. मास्तरांनी खालून आमेन म्हटलं होतं. जिवंत माणूस माझ्या प्रार्थनेवर आमेन म्हणत म्हणत बुडाला. मी कुठल्या तोंडानं मागू?”

दुर्गप्पा जागचा उठला आणि अंगणात उभा राहिला. पळून जातो की काय असं मला वाटलं. मग तो म्हणाला, “मास्तर न्हाई म्हनले.”

“काय?”

“आमेन मास्तर न्हाई म्हनले, सायेब. म्याच म्हनत व्हतो.”

स्वयंपाकघरात माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. शेजारी काकूंचे हातही थांबले होते.

“मास्तर आधीच गेलं व्हतं,” दुर्गप्पा सांगत होता. “तुमी पयली हाक मारायच्या आधी. धोंडा छातीवरच बसला त्यांच्या. म्या हालवाया बघितला, हालंना. थोडा येळ व्हते. हळूहळू काय तरी बोलत व्हते. मग तुमची हाक आली, मास्तर हायेत का म्हनून. अन् म्या हायेत म्हनलो.”

“का?” बाबांचा आवाज चढला. ते पायरी उतरून त्याच्यासमोर गेले. “मेलेल्या माणसाच्या नावानं आमेन म्हणालास? मला... सगळ्या मंडळीला...? त्याची बायको तिथं उभी होती!”

“मग काय करू?” दुर्गप्पाही एकदम ओरडला. “वर समदी मास्तरांची मान्सं. माझं कोन व्हतं? मास्तर गेलं म्हनलो असतो तर तुमच्या पोरांनी हात झटकलं असतं. सकाळच्याला बघू म्हनले असते. वडार मेला म्हनून कुनी भितीखाली जीव घालतं व्हय? पानी चढत व्हतं, सायेब. म्या तिथं एकला, मेलेल्या मान्साला टेकून बसलेला.”

“आमच्याबद्दल असं वाटलं तुला?”

“व्हय,” दुर्गप्पा म्हणाला.

 मला देवदान पंच आठवले, पाण्याचा तांब्या हातात घेऊन मान खाली घातलेले. बाबांनाही तेच आठवलं असणार. ते मागे सरकून खांबाला टेकले.

माझ्या शेजारून काकू उठल्या. सुपातल्या शेंगा सांडल्या. मी त्यांना धरायला गेले तर माझा हात बाजूला करून त्या ओसरीवर गेल्या. त्यांना बघून दुर्गप्पा मागे सरला. या घरात त्या असतील हे त्याला कुठं ठाऊक होतं? तो खाली वाकला, पार कपाळ मातीला लागेपर्यंत.

“बाई, चुकलो. तुमी नळीतनं बोललात अन् म्या ऐकून घेतलं. तुमच्या मालकासाठीचं बोलनं म्या...”

“उठा,” काकू म्हणाल्या. “ते मी तुमच्याशीच बोलले होते.”

त्यानं मान वर केली.

“नवऱ्याशी बोलताना मी अहो म्हणते,” त्या म्हणाल्या. “नळीला कान लावला तेव्हाच मला कळलं. वीस वर्षं त्या माणसाच्या छातीतली शिट्टी ऐकत झोपले मी. शिट्टी थांबली की मला जाग यायची. खाली एकच श्वास चालू होता, आणि त्यात शिट्टी नव्हती. मी परत परत ऐकलं. नव्हती.”

बाबांनी खांब घट्ट धरला होता. “रिबकाबाई... तुम्हाला ठाऊक होतं? दिवसभर?”

“हो.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलले असते तर तुम्ही माझं सांत्वन करायला बसला असता, पाळकसाहेब. बायकांनी मला घरी नेलं असतं. खाली माणूस होता. मांडीपर्यंत पाण्यात.” त्यांनी हातानं दुर्गप्पाकडे दाखवलं. “आणि तुम्ही असं मागत होता, तसं मी कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, हे तुटता कामा नये. माझा गेला तर गेला, पण हे वरून खाली जातंय ते तुटू द्यायचं नाही. तो बाहेर निघाल्यावरच रडले मी.”

 मग त्यांनी दुर्गप्पाला विचारलं, आणि या वेळी मात्र त्यांचा आवाज सरळ नव्हता. “ते बोलत होते म्हणालात. काय बोलत होते?”

“तुमचं नाव न्हाय घेतलं, बाई. खोटं कशाला सांगू? डोळं झाकून कुनाशी तरी हळू बोलत व्हते. म्या इचारलं, मास्तर, काय म्हन्ता? तर म्हनले, तुझ्यासाठी मागतोय. मग शेवटी आमेन म्हनले. मला काय ठावं त्याचा अर्थ? पर तुमच्यात बोलनं संपलं की ह्ये म्हनत्यात, येवढं कळलं. म्हनून वर तेच म्हनत गेलो.”

काकू ओसरीच्या कडेला बसल्या. त्यांनी पदर तोंडावर घेतला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या हमसून हमसून रडत होत्या आणि बाबा अंगणात उभे होते, हात खाली सोडून, वय एकदम वाढल्यासारखे.

मग काकूंनी तोंड पुसलं. “उद्या उतरायचंय ना यांना?” त्या बाबांना म्हणाल्या. “मागा.”

“काय मागू?”

“सुखरूप वर येऊ दे म्हणून मागा.”

“आणि नाही आला तर?” बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “त्या दिवशी दोघं म्हणालो होतो, रिबकाबाई. दोघं येतील म्हणालो होतो.”

“म्हणाला होता. आणि एक आला. दुसऱ्याचा हिशेब मी देवाला विचारीन, तुम्हाला नाही विचारणार. रोज विचारते. अजून त्यानं सांगितलेलं नाही.” त्यांनी पदर खोचला. “पण मागायचं तर पुरतं मागा. असं भीतभीत मागून खालच्या माणसाला काय पोचणार?”

बाबा अंगणातच गुडघ्यांवर बसले. दुर्गप्पाच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. सुरुवातीला शब्द निघेनात. ओठ नुसते हलत होते. मग निघाले. आवाज थरथरत होता, मधे फाटत होता, पण जमलं तर, तुला बरं वाटलं तर, असलं त्यात काही नव्हतं. त्याचं नाव घेतलं, पिंपळदरीच्या विहिरीचं नाव घेतलं, उतरताना त्याचे हातपाय घट्ट राहू दे म्हणाले, संध्याकाळी त्याच्या पोरांना त्याचं तोंड दिसू दे म्हणाले. देशील, म्हणून मागतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बाबांनी चपला घातल्या. “पिंपळदरीला जाऊन येतो,” म्हणाले. मी बरोबर निघाले. बाबा गुडघे धरत धरत चालले, पण वाटेत कुठं बसले नाहीत.

आम्ही पोचलो तेव्हा दुर्गप्पा काठावर उभा होता. कमरेला दोर बांधलेला, ओठ कोरडे पडलेले. बाबांना पाहून त्यानं मान हलवली. पाठमोरा झाला आणि दोराला धरून उतरायला लागला. एकदा मधेच थांबला, भिंतीला कवटाळून. त्याची बायको काठावर उभी राहून बघत होती. तिचा हात तोंडाशी होता. मग तो पुन्हा उतरला. खालून पहारीचा पहिला ठोका ऐकू आला.

बाबा काठाशी बसले. कुणी तरी त्यांच्या डोक्यावर छत्री धरली, ती त्यांनी नको म्हटली. थोडा वेळ गेला की खाली वाकून हाक मारायचे, “दुर्गप्पा!”

“हाय, सायेब!”

परत थोड्या वेळानं, “दुर्गप्पा!”

“हाय, हाय!”

ठोका जरा थांबला की बाबांची मान वर व्हायची आणि हाक जायची. गडी हसायला लागले. त्याचा भाऊसुद्धा हसला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा खालून वैतागलेला आवाज आला, “सायेब, किती येळा हाका मारता? हाय की मी! जरा काम करू द्या.”

“कर, कर,” बाबा म्हणाले. ते थोडे मागे सरकून बसले. पण संध्याकाळी तो वर येईपर्यंत काही तिथून हलले नाहीत.